आदेशाआधीचे तीन फूट

संपादकांनी कामाचे अनुभव लिहायला सांगितले तेव्हा मी आधी नाही म्हणाले होते. अनुभव सांगायला माणूस निवृत्त तरी असावा, नाहीतर निदान त्याच्या कामाला एखादं नाव तरी असावं, असं मला वाटतं. माझ्या कामाला नाव नाही. कुणी विचारलं की मी "अर्ज लिहिते" असं सांगते. वडील गावात "सरकारी कागद करते" असं सांगतात, त्यामुळे देवणी तालुक्यातल्या आमच्या गावात निम्म्या लोकांचा समज आहे की मी तलाठी झाले. तो समज दूर करायला वडील फारसे उत्सुक नसतात.

खरं काम असं आहे. शहरातल्या नगरांमध्ये रहिवासी मंडळं असतात. नाली, दिवे, बोअर, समाजमंदिराची डागडुजी अशा कामांसाठी त्यांना सरकारी अनुदान मिळू शकतं. त्यासाठी प्रस्ताव करावा लागतो. तो प्रस्ताव मी करते, त्यातल्या त्रुटी निघाल्या की दुरुस्त करते, आणि काम झाल्यावर झालेलं काम कागदावर दाखवते. लातूरला बी.ए. करताना सुरुवात झाली. आता नांदेडला समाजकार्य शिकते आणि इथल्या दोन मंडळांचं काम पाहते.

नवीन मंडळाचे लोक आले की मी त्यांना पहिला प्रश्न विचारते, "नारळ फोडला का?" ते हसतात. त्यांना वाटतं, पोरगी विनोद करते आहे. मी विनोद करत नसते. त्या प्रश्नामागे लातूरमधले जे दिवस आहेत, ते मी इथं लिहायचं ठरवलं आहे. त्यात माझीही चूक आहे, म्हणून जरा अवघड जातंय.

लातूरला मी शोभाकाकूंच्या घरात मागची खोली घेऊन राहत होते. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. त्यामुळे अर्ज कसा भरायचा हे मला सांगणारं कुणी नव्हतं, प्रत्येक अर्ज मी दोनदा तीनदा चुकवून शिकले. शोभाकाकूंच्या विधवा बहिणीचा अर्ज मी भरून दिला आणि तो पहिल्या फेरीत मंजूर झाला. ही गोष्ट काकूंनी नळावर सांगितली, नळावरून ती अप्पांच्या दुकानात गेली, आणि आठ दिवसांत मी मंडळाची लिहिणारी झाले.

अप्पा म्हणजे मन्मथप्पा, मंडळाचे अध्यक्ष. उदगीरकडून येऊन त्यांनी नगरात किराणा दुकान टाकलं होतं. कपाळाला भस्म, बोलणं मऊ. राग आला की ते कानडीत बोलत, म्हणजे कुणाला कळू नये आणि राग आल्याचं मात्र कळावं.

बाहेरच्यांना वाटतं, अनुदान गरज बघून मिळतं. गरज सगळ्यांनाच असते, कार्यालय कागद बघतं. मंडळाची नोंदणी, सभेचा ठराव, जागेचा नकाशा, नाहरकत, अंदाजपत्रक, फोटो. यातला सगळ्यात कठीण कागद ठराव. सभेला येतात नऊ माणसं आणि सह्या लागतात चाळीस. मग वही घेऊन घरोघर फिरायचं. एक निवृत्त कंडक्टर काका होते, ते ठराव पहिल्या शब्दापासून वाचत, मधे थांबून मला विचारत, "हे ‘सर्वानुमते’ लिहिलंयस. मी तर सभेला नव्हतो. मग सर्वांत मी धरलोय का न्हाई?" मी म्हणे, "काका, सही केली की धराल." ते म्हणत, "म्हंजे सही केली तर मी होतो, न्हाई केली तर नव्हतो. लई सोपं काम हाय तुझं." आणि सही करत. अशा चाळीस दारांवरून परत येईपर्यंत पायाचे तुकडे पडत, पण वही भरली की बरं वाटे. खोटं कशाला, अभिमान वाटे.

त्या वर्षीचा प्रस्ताव बोअरचा होता. नगराच्या खुल्या जागेत समाजमंदिर आहे आणि त्याच्या शेजारी सगळ्यांचा मिळून एक बोअर. होळी झाली की तो उचक्या द्यायला लागे, मोटार चालू केली की आधी हवा, मग गढूळ पाणी, मग पुन्हा हवा. त्यानंतर टँकरची वाट बघणं. टँकर आठवड्यातून एकदा येई, कधी दहा दिवसांनी. त्या काळात नगरातल्या बायका कामाच्या पाळ्या बदलून घेत आणि मी दोन वेळा तासिका बुडवून घागरी भरल्या आहेत. म्हणून मंडळाने बोअरचं पुनर्भरण करायचं ठरवलं. बोअरला लागून खड्डा घ्यायचा, दहा फूट खोल. त्यात दगड, खडी, वाळूचे थर. समाजमंदिराच्या छतावरचं पाणी पाइपाने त्या खड्ड्यात सोडायचं, गाळून ते बोअरमध्ये उतरतं. सामान अनुदानातून, मेहनत लोकांची. पण सगळं पाऊस लागायच्या आत व्हायला हवं. एक पावसाळा हुकला की पुढचा उन्हाळा पुन्हा टँकरवर. हे नगरात लहान पोरालाही माहीत होतं.

प्रस्ताव थंडीत गेला. चैत्रात कार्यालयातून फोन आला, फाईल पुढे गेली आहे, होऊन जाईल. "होऊन जाईल" हे शब्द मी अप्पांना जसेच्या तसे सांगितले. सांगायला नको होते. अप्पांनी लगेच भिंतीवरचं पंचांग काढलं. चार दिवसांवर अक्षय तृतीया होती.

आता नियम सांगते. या अनुदानाच्या अटींमध्ये अकरावी अट अशी होती की कार्यारंभ आदेश मिळण्यापूर्वी सुरू केलेलं काम अनुदानाला पात्र राहणार नाही. कार्यारंभ आदेश म्हणजे काम सुरू करा असं सांगणारं पत्र. अट शहाणपणाची आहे. कुणी जुनंच काम नवीन म्हणून दाखवू नये यासाठी ती असते. मी ती वाचली होती. खाली पेन्सिलने रेघ मारली होती.

अक्षय तृतीयेला सकाळी खुल्या जागेत पन्नासेक माणसं जमली. जंगम स्वामी आले होते. बायकांनी बोअरच्या ओट्याला हळदकुंकू वाहिलं. अप्पा नवीन धोतर नेसून नारळ घेऊन उभे होते आणि इतके आनंदात होते की मी त्यांच्याजवळ जाऊन परत आले. दोनदा गेले. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "काय गं माय, काय म्हणतीस?" मी म्हणाले, "काही नाही अप्पा." मी भाडेकरू होते, एकोणीस-वीस वर्षांची होते, आणि पन्नास माणसांपुढे हातातला नारळ खाली ठेवा म्हणायचं मला धाडस झालं नाही. मनाची समजूत घातली की पाच कुदळी मारणं म्हणजे काही काम नव्हे.

पण कुदळ ग्यानबामामांची होती. मामांची हयात विहिरींच्या कामावर गेली होती. सत्तरी गाठलेली, तरी दंड दोरखंडासारखे. अप्पांनी पाच घाव घातले, टाळ्या झाल्या, पेढे वाटले, लोक पांगले. अर्ध्या तासाने मी खोलीतून बघते तर मामा खोदतच होते.

मी धावत गेले. "मामा, बास ना आता."

"बास कसं? आजच्या आज कमरेइतकं जायला पायजे."

"का?"

"का म्हंजे? नारळ फुटला त्या दिशी कमरेइतकं खोदायचं. न्हाईतर पाणी रुसतंय. आमच्या बापानं असंच केलं, मीबी जन्मभर असंच करून राहिलो." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू जा, अभ्यास कर. परीक्षा हाय न्हवं?"

दुपारपर्यंत मामा खड्ड्यात कमरेइतके उभे होते. तीन फूट. वरची काळी माती आणि खाली मुरूम लागलेला.

त्यानंतर पाच-सहा दिवसांनी कार्यालयाचा निरोप आला. जागेच्या सद्यःस्थितीचा फोटो दोन दिवसांत पाठवा. फोटो साधा चालत नाही. मोबाईलमध्ये एक सोय असते, तिने फोटोखाली तारीख, वेळ आणि जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप उमटतात.

मी दुकानात जाऊन अप्पांना सांगितलं. अकरावी अटही सांगितली, पण अशी, जणू मला ती आत्ताच सापडली. अप्पा तराजूत शेंगदाणे टाकता टाकता थांबले. मग म्हणाले, "खड्डा कुठल्या अंगाला हाय?"

"ओट्याच्या मागं."

"मग फुडून काढ की."

मी पुढून काढला. समाजमंदिराच्या पायरीवर उभी राहिले. तिथून ओट्यामुळे खड्डा दिसत नाही, मातीचा ढीगही लिंबाच्या बुंध्याआड जातो. फोटोखालची तारीख खरी, वेळ खरी, अक्षांश-रेखांश खरे. मी तो पाठवला आणि पुढचे कितीतरी दिवस फोन वाजला की मी आधी नंबर कार्यालयाचा तर नाही ना ते बघायचे. बी.ए.चे पेपर चालू होते. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पेपरात लोकसहभागाचं महत्त्व विचारलं होतं. मी चार पानं लिहिली. त्या पेपरात मला चांगले गुण मिळाले, हे सांगायला मला अजून संकोच वाटतो.

मग पत्र आलं. गुरुवारी स्थळपाहणीसाठी इंजिनिअर मॅडम येणार.

बुधवारी संध्याकाळी दुकानापुढे सात-आठ जण जमले. अप्पांनी विषय काढला, खड्डा बुजवायचा. आज बुजवला तर उद्यापर्यंत माती बसेल, वर पाणी मारू.

शोभाकाकू म्हणाल्या, "पाणी मारायला पाणी कुठंय अप्पा? असतं तर खड्डा कशाला खोदला असता?"

कुणीतरी हसलं. अप्पा हसले नाहीत. "ग्यानबा, तू बुजव बाबा. तुला माती कशी बसवायची कळतंय."

"म्या न्हाई बुजवणार."

"अरे, एका दिवसाचा प्रश्न हाय."

"एक दिस असू दे न्हाईतर एक घटका. आजवर खोदून ठेवलेलं म्या बुजवलं न्हाई. दुसरा कुणी बुजवा, मी आडवा येणार न्हाई. पर ती म्याडम इंजिनेर हाय. बुजवलेली माती तिला वळखू येणार न्हाई का?"

मला वाटलं, आता नाही बोलले तर कधीच नाही. मी म्हणाले, "अप्पा, ती अट मला आधीपासून माहीत होती. नारळ फोडायच्या आधीपासून."

अप्पा माझ्याकडे बघत राहिले. "मग तवाच का न्हाई बोललीस?"

"दोनदा आले होते."

"आली व्हतीस. काही न्हाई म्हणालीस." मग ते कानडीत काहीतरी बोलले, हळू आवाजात, आणि दुकानात आत गेले. शोभाकाकू मला म्हणाल्या, "चल घरी. जेवून घे." सभेत काहीच ठरलं नाही. सकाळी बघितलं तर कुणीतरी खड्ड्यावर दोन पत्रे टाकून वर दगड ठेवले होते. ते कुणी केलं, हे मी आजवर विचारलेलं नाही.

मॅडम अकराला येणार होत्या, त्या साडेनऊलाच आल्या. तिथं आम्ही दोघंच होतो. ग्यानबामामा लिंबाखाली बसलेले. मॅडम माझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील, खांद्याला पिशवी, हातात मोजपट्टी. त्यांनी बोअर बघितला, छताकडे बघितलं, पाइप कुठून येणार ते विचारलं. मग ओट्याला वळसा घालून पत्र्यांपाशी उभ्या राहिल्या.

मी म्हणाले, "मॅडम, खाली खड्डा आहे. फोटोत नाहीये, पण आहे."

"दिसतंय मला. पत्र्यावरून मुरूम सांडलाय." त्यांनी मोबाईल काढून माझा फोटो उघडला. "हा कुणी काढलाय?"

"मी."

"कुठं उभं राहून?"

मी पायरीवर जाऊन उभी राहिले. मॅडमही आल्या, माझ्या शेजारी उभ्या राहिल्या आणि मोबाईलमधला फोटो आणि समोरची जागा आळीपाळीने बघत राहिल्या. एवढा वेळ कुणी माझ्या कामाकडे बघितलं नव्हतं.

"जागा नीट शोधलीस," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात मामा उठून आले. "म्याडम, पोरीला बोलू नका. खोदलं म्या. तिनं बास म्हणलं व्हतं."

"कुणी सांगितलं होतं खोदायला?"

"कुणी न्हाई. नारळ फुटला की कमरेइतकं खोदावं लागतंय."

मॅडमनी पत्रा सरकवला, मामांना खड्ड्यात उतरायला सांगितलं आणि मोजपट्टी लावली. मामा उतरले, ताठ उभे राहिले. तीन फूट, वर एखादा इंच. तोवर अप्पा आले होते, धापा टाकत, भस्म अर्धंच लावलेलं.

मॅडम त्यांना म्हणाल्या, "अप्पा, पूजा सगळेच करतात. पूजेला मी काम म्हणत नाही, पाच कुदळीला पण नाही म्हणत. हे मात्र काम आहे. आणि तुम्ही ते लपवलंत. लपवलं नसतं तर मला एक ओळ लिहिता आली असती. आता वरचे विचारणार, अजून काय काय लपवलंय."

अप्पांनी हात जोडले. "मग गेलं का आमचं?"

"मला माहीत नाही. खुलासा लिहून द्या. खरा द्या. मी अहवालाला जोडते, निर्णय माझ्या हातात नाही."

खुलासा मी दुकानाच्या फळीवर बसून लिहिला. मॅडम बाहेर खुर्चीवर बसल्या होत्या, काकूंनी त्यांना चहा दिला. मी लिहिलं, नारळ कधी फोडला, कुणी खोदलं, किती, कोणत्या समजुतीने. फोटो कुठून काढला आणि का. शेवटी लिहिलं की अकरावी अट प्रस्ताव लिहिणाऱ्या व्यक्तीला आधीपासून माहीत होती.

अप्पांनी चष्मा लावून वाचलं. "हे शेवटचं कशाला? हे काढ. तुझ्यावर येईल."

"माहीत होती ना, अप्पा."

"ते आपल्यात हाय. कागदावर कशाला?"

मी कागद तसाच त्यांच्यापुढे सरकवला. अप्पांनी तो पुन्हा वाचला. मग त्या ओळीच्या पुढे, त्यांच्या त्या मोठ्या अक्षरात, स्वतः लिहिलं, "फोटो पुढून काढण्यास अध्यक्षांनी सांगितले." आणि खाली सही केली. दुकानाचा शिक्का चुकून मारणार होते, मी मंडळाचा हातात दिला.

त्यानंतरचे दिवस मोजायचे नाहीत असं ठरवलं होतं, तरी मोजले. टँकर दोनदा आला. पहिल्या वेळी रांगेत एक बाई मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "लई शिकली की असं व्हतंय. गप बसता येत न्हाई." दुसरी म्हणाली, "बसली व्हती की गप, नारळाच्या वेळेला." दोघींचंही खरं होतं. मी घागर घेऊन परत यायचे आणि खोलीत सामान आवरायला घ्यायचे. नगर सोडून जायचं, असं जवळजवळ ठरवलं होतं. काकूंनी सामान बांधलेलं बघितलं आणि दोरी सोडून धुणं वाळत घालायला नेली.

आकाश भरून यायला लागलं होतं तेव्हा आदेश आला. काम मंजूर. खाली एक अट हाताने लिहिलेली, की आदेशापूर्वी झालेलं तीन फूट खोदकाम मोजमापात धरू नये. म्हणजे खड्डा दहा फुटांचा व्हायला हवा, पण कागदावर मोजायचा सात फूट.

मी अट वाचून दाखवली. अप्पांनी डोळे मिटून घेतले, मग म्हणाले, "चालंल. पावसाला धा दिवस हायत." बरोबर नऊ दिवसांत खड्डा झाला. अख्खं नगर उतरलं त्यात. कंडक्टर काकांनी घमेली मोजली, कुणी मोजायला सांगितली नसताना. ग्यानबामामा रोज सगळ्यात आधी येत आणि सगळ्यात शेवटी वर येत. दगडाचा थर त्यांनी कुणाला लावू दिला नाही.

मोजमापाला मॅडम आल्या तेव्हा थर भरायचे बाकी होते. मामांनी मोजपट्टीचं टोक तळाशी धरलं. दहा फूट. मॅडम म्हणाल्या, "लिही, सात."

मी लिहिलं. मामांना अक्षर येत नाही, पण आकडे येतात. वर आल्यावर त्यांनी कागदाकडे बघितलं.

"सात?"

"हाव मामा. वरचे तीन धरत नाहीत."

"मग ते कुणाच्या नावावर?"

मी मॅडमकडे बघितलं. रकान्याच्या शेवटी शेरा लिहायला थोडी जागा असते. मी विचारलं, "शेऱ्यात यांचं नाव लिहू का? वरचे तीन फूट यांनी खोदले म्हणून?"

मॅडमनी विचार केला. खरंच केला, मी बघत होते. मग म्हणाल्या, "नको गं. पुन्हा त्रुटी निघेल."

मामा म्हणाले, "ऱ्हाऊ दे पोरी. पाणी तर तिथूनच उतरणाराय." आणि ते हात धुवायला गेले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात बोअर चैत्र संपेपर्यंत टिकला. टँकर आला, पण उशिरा आला आणि कमी वेळा. मी तोवर नांदेडला आले होते. त्या खड्ड्याचा प्रत्येक कागद माझ्याकडे आहे, ठराव, आदेश, खुलासा, मोजमाप. त्यातल्या एकातही मामांचं नाव धड आलेलं नाही. खुलाशात मी "एका सदस्याने" असं लिहिलं होतं, त्यांना त्रास होऊ नये म्हणून.

म्हणून संपादकांना शेवटी हो म्हणाले. हा कागद कुठल्याही कार्यालयात जाणार नाही, याच्यावर त्रुटी निघणार नाही. वरचे तीन फूट ग्यानबामामांनी खोदले.